स्टिअरिंगचा सांधा : जुन्या मोटारीतील दोन अनोळखी भागांची जुळणी

मोटारीचे सुकाणू फिरवले की पुढची चाके वळतात, या साध्या दिसणाऱ्या क्रियेमागे भागांची एक सलग साखळी असते. सुकाणूच्या चक्रापासून खाली उतरणारा पोलादी दांडा म्हणजे स्टिअरिंग शाफ्ट. त्याला धरून ठेवणारी, डॅशबोर्डला आवळलेली नळी म्हणजे कॉलम. आणि चासीवर बसवलेली, चक्राच्या अनेक फेऱ्यांचे पिटमन आर्मच्या, म्हणजे चाके वळवणाऱ्या दांड्यांना हलवणाऱ्या भुजेच्या, मर्यादित झोक्यात रूपांतर करणारी दातेरी पेटी म्हणजे स्टिअरिंग बॉक्स. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत अनेक अमेरिकी मोटारींत शाफ्ट आणि बॉक्समधील वर्म, म्हणजे मळसूत्री आटे असलेला गज, हे दोन्ही मिळून एकच अखंड नग असे. १९५५ ते १९५७ या काळातील शेव्हरोले मोटारी हे त्याचे ठळक उदाहरण. त्यांच्या बॉक्समधून निघालेला लांब शाफ्ट मध्ये कुठेही सांधा न घेता थेट चालकाच्या हातांपर्यंत येतो, त्यामुळे कॉलम आणि बॉक्स जुळतात की नाही, हा प्रश्न कारखान्यातून बाहेर पडलेल्या गाडीला कधी पडलाच नाही. तो पडतो तो अशा गाडीचे पुनरुज्जीवन करणाऱ्याला.

मूळ बॉक्स बदलण्याची कारणे सहसा रास्त असतात. वर्म आणि सेक्टर, म्हणजे पिटमन आर्म फिरवणारा दातेरी भाग, झिजून चक्रात बोटभर प्ले, म्हणजे ढिलाई, येते, तर रुंद रेडियल टायर बसवल्यावर उभ्या गाडीचे चक्र फिरवताना हात भरून येतात, म्हणून मालकाला पॉवर स्टिअरिंग हवेसे वाटते. जनरल मोटर्सच्या मिशिगनमधील सॅगिनॉ विभागाने बनवलेले बॉक्स अशा कामासाठी लोकप्रिय आहेत, कारण ते आटोपशीर व टिकाऊ आहेत आणि त्यांचे सुटे भाग अजूनही मिळतात. त्यांच्यात वर्मच्या आट्यांतून पोलादी गोळ्यांची माळ फिरत राहते, त्यामुळे घर्षण कमी होते. याखेरीज एक कारण सुरक्षिततेचे आहे आणि ते सर्वांत वजनदार मानावे लागेल. समोरासमोरच्या टकरीत चासीचा पुढचा भाग मागे ढकलला गेला की अखंड शाफ्ट भाल्यासारखा चालकाच्या छातीकडे सरकतो. जनरल मोटर्सने १९६७च्या मॉडेलांपासून दाबाखाली चुरगळणारा जाळीदार कॉलम आणला, आणि १ जानेवारी १९६८पासून अमेरिकेत संघराज्याची २०३ व २०४ क्रमांकाची सुरक्षा मानके लागू झाली. त्यांपैकी २०४ क्रमांकाच्या मानकानुसार ताशी ४८ किलोमीटर वेगाने भिंतीवर धडकणाऱ्या गाडीत चक्राकडचे टोक १२७ मिलिमीटरपेक्षा जास्त मागे येता कामा नये. जुन्या गाडीत सांध्यांचा शाफ्ट घालणारा मिस्त्री या सुधारणेचा काही भाग त्या गाडीला उशिरा का होईना मिळवून देत असतो.

नवा बॉक्स बसवायचा म्हणजे जुना शाफ्ट कापावा लागतो, आणि नेमकी इथेच पहिली अडचण लपलेली असते. अखंड शाफ्टच्या कॉलममध्ये वरच्या टोकाला बेअरिंग असते, पण खालच्या टोकाला बहुधा काहीच नसते, कारण ते टोक धरून ठेवण्याचे काम बॉक्स स्वतःच करत असतो. बॉक्स काढला की शाफ्ट नळीत मोकळा डुलतो. त्यामुळे नळी योग्य लांबीला कापून तिच्या तळाशी नवे बेअरिंग बसवणे, आणि गिअर बदलण्याची दांडी कॉलमवरच असेल तर तिच्या आतल्या नळीचे व खालच्या लिव्हरचे स्थान राखणे, ही कामे सांध्याचा विचार करण्याआधीच उरकावी लागतात. याउलट १९६७नंतरच्या गाडीचा चुरगळणारा कॉलम जुन्या गाडीत घालायचा असेल तर त्याच्यावर हातोडा कदापि चालवू नये. त्याच्या शाफ्टचे दोन भाग प्लॅस्टिकच्या बारीक खुंट्यांनी जोडलेले असतात आणि त्या टकरीत तुटाव्यात म्हणूनच तिथे घातलेल्या असतात, म्हणून चक्र किंवा बेअरिंग ठोकून काढण्याच्या नादात त्या गॅरेजातच तुटून जातात.

त्यानंतर येतात स्प्लाइन, म्हणजे शाफ्टच्या टोकावर लांबीच्या दिशेने कोरलेले बारीक दात. अमेरिकी पद्धतीत त्यांची ओळख व्यास आणि संपूर्ण परिघावरील दातांची संख्या अशा दोन आकड्यांनी दिली जाते. फोर्डच्या अनेक शाफ्टवर पाऊण इंच व्यासाचे ३६ दात आढळतात, सॅगिनॉच्या नंतरच्या अनेक बॉक्सवर त्याच पाऊण इंचावर ३० दात असतात, तर त्याच कारखान्याच्या आधीच्या पॉवर बॉक्सवर तेरा-सोळांश इंचावर ३६. म्हणजे एका जोडीत व्यास सारखा पण दात वेगळे, आणि दुसऱ्या जोडीत दात सारखे पण व्यासात दीड मिलिमीटरचा फरक. नजरेने हे ओळखता येत नाही. व्हर्निअर कॅलिपरने व्यास मोजावा आणि दातांच्या मध्येच सपाट कड असल्यास निम्म्या परिघावरचे दात मोजून दुप्पट करावेत. कॉलमच्या खालच्या टोकाला स्प्लाइनऐवजी दोन बाजूंनी सपाट केलेला गोल गज असू शकतो. दोन्ही बाजूंना इंग्रजी डी अक्षरासारखी सपाट कड असल्याने त्या आकाराला ‘डबल डी’ म्हणतात. एका बाजूला एक आकार आणि दुसऱ्या बाजूला दुसरा, असे तयार सांधे बाजारात मिळतात. दातांचा मेळ घालणे हा या कामातला सोपा भाग आहे, हे सांगणे आवश्यक आहे, कारण अनेक जण तिथेच काम संपले असे मानतात.

कारखान्यातील गाड्यांत कॉलम आणि बॉक्स यांच्यामध्ये बहुधा रबर व कापडाच्या थरांची चकती असलेला लवचीक सांधा असतो. तो रस्त्याचे हादरे गिळतो, पण जेमतेम काही अंशांचा तिरकेपणाच सोसू शकतो. वेगळ्या गाडीतील बॉक्स सहसा कॉलमच्या रेषेत येत नाही, म्हणून तिथे युनिव्हर्सल जॉइंट, ज्याला मिस्त्री नुसते ‘क्रॉस’ म्हणतात, वापरावा लागतो. या सांध्याचे वर्णन इटलीच्या जेरोलामो कार्दानोच्या आणि पुढे सतराव्या शतकात इंग्लंडच्या रॉबर्ट हूकच्या नावाशी जोडले गेले आहे, आणि त्याचा जन्मजात दोषही तेव्हापासूनचाच आहे. तिरक्या सांध्यातून वरचा शाफ्ट एकसमान गतीने फिरवला तरी खालचा शाफ्ट प्रत्येक फेरीत दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. कोन १५ अंश असेल तर हा चढउतार साडेतीन टक्क्यांच्या आसपास राहतो आणि हाताला जाणवत नाही. तोच कोन ३० अंशांवर गेला की गती सुमारे १५ टक्के वाढते आणि १३ टक्के घटते. वळणावर चक्र एका जागी जड आणि दुसऱ्या जागी हलके लागणे, हे त्याचे लक्षण.

या दोषावरचा उपाय दुसऱ्या सांध्यातच आहे. दोन सांध्यांतील कोन सारखे ठेवले आणि मधल्या शाफ्टच्या दोन्ही टोकांवरचे बेचके, म्हणजे योक, एकाच पातळीत बसवले, तर पहिल्या सांध्याने केलेला चढउतार दुसरा सांधा पुसून टाकतो. योक एकमेकांशी काटकोनात बसले तर मात्र दोन्ही चुकांची बेरीज होते. शाफ्टचे दात योग्य खाचांत बसवण्याचे हे अवघ्या काही मिनिटांचे काम आहे, पण चांगल्या आणि वाईट स्टिअरिंगमधला फरक बहुधा त्यातच असतो. कॉलम, मधला शाफ्ट आणि बॉक्स एकाच उभ्या पातळीत नसतील, बाजूलाही कलले असतील, तर योकची जुळणी त्या कलानुसार थोडी फिरवावी लागते.

कॉलम बॉडीला आवळलेला असतो आणि बॉक्स चासीला, आणि बॉडी चासीवर रबराच्या गाद्यांवर बसलेली असते, त्यामुळे चालत्या गाडीत हे दोन भाग एकमेकांच्या सापेक्ष सतत हलत राहतात. मधला शाफ्ट लांबीला ताठ ठेवला तर ही हालचाल कॉलमच्या बेअरिंगवर आणि बॉक्सच्या वर्मवर धक्के देत राहते. म्हणून त्यात एकात एक सरकणारा भाग हवा, आणि टकरीत चुरगळण्याचे कामही तोच करतो. एक्झॉस्टचे नळ किंवा इंजिन आड येत असेल तर तीन सांधे घालून वाट वळवता येते, पण तिसरा सांधा आला की मधल्या शाफ्टला चासीवरच्या आधार-बेअरिंगमध्ये धरणे अपरिहार्य होते. तसे केले नाही तर शाफ्ट बॉक्सला फिरवण्याऐवजी स्वतःच बाजूला झुकतो. आधार कमी ठेवून सांधे वाढवणे हा या क्षेत्रातील सर्वांत धोकादायक मोह आहे.

जोडाच्या पकडीबद्दलही तडजोड नको. स्प्लाइनच्या शाफ्टवर आडवी खाच असते आणि सांध्याचा बोल्ट त्या खाचेतून जातो. तो हाताने सहज गेला नाही, तर सांधा पुरेसा खोल बसलेला नाही असे समजावे. ‘डबल डी’ शाफ्टवर ग्रब स्क्रूसाठी, म्हणजे सांध्यातून शाफ्टवर टेकणाऱ्या बिनडोक्याच्या स्क्रूसाठी, ड्रिलने उथळ खळगा करून त्या स्क्रूवर चेक नट आवळावा, आणि शाफ्टचे टोक सांध्याच्या पोटात इतके पुढे येऊ देऊ नये की फिरताना सांध्यातील मधल्या फुलीला घासेल. दोन शाफ्ट टोकाला टोक लावून वेल्ड करण्याची पद्धत काही गॅरेजांत दिसते. सुकाणूच्या दांड्यावर ती मान्य करता येणार नाही, कारण तो तुटला की ब्रेकखेरीज हाताशी काही उरत नाही.

मुंबईशी या विषयाचा खरा धागा आहे. जनरल मोटर्सने १९२८मध्ये शिवडीला मोटारजोडणीचा कारखाना सुरू केला आणि तो १९५४पर्यंत चालला. त्यातून बाहेर पडलेल्या शेव्हरोले मोटारींत चालकाची जागा उजव्या बाजूला होती. अमेरिकी बाजारातील तयार बॉक्स आणि चासीवर आवळण्याच्या पट्ट्या डाव्या बाजूसाठी असल्याने या गाड्यांना त्या जशाच्या तशा बसत नाहीत, आणि बॉक्स आडवा-उभा फिरवून बसवायला गेल्यास पिटमन आर्मची दिशा उलटून चाके चक्राच्या विरुद्ध वळण्याची शक्यता असते. त्यामुळे इथे बॉक्सची निवड कॉलमच्या दातांवरून नव्हे, तर चासीच्या उजव्या बाजूवरून सुरू करावी लागते.

सगळे जुळल्यावर बॉक्स मध्यावर आणावा लागतो, कारण गोळ्यांच्या बॉक्समध्ये दात मध्यावर सर्वांत घट्ट बसतात आणि सरळ जाताना तीच पकड हवी असते. बॉक्सचा शाफ्ट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेऱ्या मोजाव्यात आणि निम्म्यावर थांबावे. पुढची चाके सरळ ठेवून चक्रही सरळ बसवावे, आणि उरलेला फरक टाय रॉडने, म्हणजे चाकांना जोडणाऱ्या दांड्याची लांबी कमी-जास्त करून, काढावा. मग पुढची बाजू उचलून चक्र दोन्ही टोकांपर्यंत फिरवताना सांधे कुठे अडतात का, एक्झॉस्टपासून किती अंतर राहते, ब्रेकच्या नळीला शाफ्ट शिवतो का, हे दुसऱ्या माणसाने खाली पाहत राहावे, आणि गाडी थोडी चालल्यावर प्रत्येक बोल्ट व चेक नट पुन्हा एकदा पान्याने तपासावा.