वर जाऊन बटण दाबता येत नाही

मंडळी, रात्री अडीचला वीज आली की रावेर-यावलच्या केळीच्या मळ्यात मोटार कोण सुरू करतं? आपण तर घरी झोपलेलो असतो. स्टार्टरला जोडलेला ‘ऑटो’ ते काम करतो. पण विहिरीत पाणी नसेल तर? साधा ऑटो ते बघत नाही. मोटार कोरडी चालते आणि जळते. उपग्रहातल्या संगणकासाठी प्रोग्रॅम लिहिताना आपल्यापुढे नेमका हाच प्रश्न असतो.

उपग्रह ज्या कामासाठी सोडतात ते उपकरण, म्हणजे कॅमेरा किंवा रेडिओ, त्याला पेलोड म्हणतात. ते चालवणारा संगणक म्हणजे पेलोड कॉम्प्युटर. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बांधलेला ‘स्वयम्’ २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ मधून अवकाशात गेला. १० सेंटिमीटरचा ठोकळा, वजन साधारण १ किलो. एकीकडचा संदेश साठवायचा आणि दुसरीकडे पोचवायचा, हे त्याचं काम. असा उपग्रह दीड-पावणेदोन तासांत पृथ्वीभोवती फेरी मारतो. आपल्या डोक्यावरून गेला तर बोलायला जेमतेम दहा मिनिटं मिळतात. बाकी वेळ त्याचं त्यानंच बघायचं.

आणि वर अडचणी काय कमी असतात? अवकाशातला एखादा विद्युतभारित कण मेमरीतून आरपार जातो आणि ० चा १ होतो. म्हणून महत्त्वाच्या आकड्याच्या तीन प्रती ठेवतात. दोन जुळतील तो खरा. प्रोग्रॅमच अडकला, तर त्यासाठी ‘वॉचडॉग’ असतो, म्हणजे राखणदार. प्रोग्रॅमनं त्याला ठरावीक वेळात हाक द्यायची. हाक आली नाही की तो संगणक रीसेट करतो.

इथं नवशिका हमखास फसतो, बरं का. हाक द्यायचं काम तो टायमर इंटरप्टकडे देऊन टाकतो. मग मुख्य काम ठप्प झालं तरी हाक जातच राहते आणि राखणदाराला वाटतं, सगळं ठीक आहे! हाक तेव्हाच द्यावी, जेव्हा प्रत्येक कामानं ‘मी जागा आहे’ असं कळवलेलं असेल.

रीसेटनंतर काय? आपला ऑटो आठवा. उठल्या उठल्या पेलोड चालू करायचा नाही. आधी बॅटरीचा व्होल्टेज बघायचा. मग न पुसल्या जाणाऱ्या मेमरीतला आकडा वाचायचा: आपण लागोपाठ कितव्यांदा उठतोय? तीनदा झालं असेल तर पेलोड बंदच ठेवायचा, फक्त रेडिओ चालू ठेवून जमिनीवरच्या आज्ञेची वाट बघायची.

जळगाव-धुळ्याच्या मुलांना हे शिकायला रॉकेट लागत नाही. काहीशे रुपयांचा मायक्रोकंट्रोलर बोर्ड घ्या. तो मेमरीत लिहीत असतानाच वीज तोडा. पुन्हा जोडा, आणि तो काय करतो ते बघा. शंभर वेळा करा. अर्धवट लिहिलेला आकडा खरा मानून तो एकदाही पुढे गेला, तर तो प्रोग्रॅम अजून वर पाठवण्याजोगा झालेला नाही. वीज तोडायला आपल्याकडे माणूस ठेवायचीही गरज नाही, महावितरण आहेच!