पावसाळ्यात कुठला टर्न-बेस्ड गेम घ्याल?

आंबेनळी घाटात दरड आली की महाबळेश्वरची वाट बंद, आणि लाइटचा भरवसा तर नसतोच. अशा दिवसांत मला टर्न-बेस्ड आरपीजीच परवडतात. आपली खेळी होईपर्यंत शत्रू थांबतो. मध्येच आईने हाक मारली तरी जाऊन येता येतं!

घेताना आधी स्वतःला विचारा, वेळ किती आहे? 'पर्सोना ५ रॉयल' सहज शंभर तास खातो. शाळा, मैत्री, परीक्षा सगळं त्यात. एवढा धीर नसेल तर 1995 चा 'क्रोनो ट्रिगर' घ्या. वीस-पंचवीस तासांत संपतो, मोबाइलवरही मिळतो. फक्त सेटिंगमध्ये 'वेट' निवडा, नाहीतर तुम्ही मेनू चाळत असताना शत्रू वार करत राहतो.

डोकं चालवायचं असेल तर 'डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन २'. पाण्यात उभ्या शत्रूवर वीज सोडा, मग बघा. तो बनवणाऱ्या लॅरियन स्टुडिओचाच 'बाल्डर्स गेट ३' अफलातून, पण दीडशे जीबी! आमच्या नेटवर डाउनलोड म्हणजे गणपतीपर्यंतची सोय.

2025 चा 'एक्सपिडिशन ३३' नावाला टर्न-बेस्ड. वार नेमक्या क्षणी चुकवावा लागतो. निवांत खेळणाऱ्यांनी जपून.

जुना लॅपटॉप असेल तर 'अंडरटेल'. कुणालाही न मारता पूर्ण करता येतो.

तुमचा लॅपटॉप कोणता आणि रोज किती वेळ मिळतो, एवढं कमेंटमध्ये लिहा, नाव सुचवतो.