फ्लॉयर, अर्नेस्ट : ईजिप्त मोहिमांची पदके

फ्लॉयर, अर्नेस्ट : (४ जुलै १८५२ – १ डिसेंबर १९०३). ब्रिटिश तारायंत्रज्ञ व समन्वेषक. जन्म लिंकनशरमधील मार्शचॅपल येथे. हिंदुस्थानच्या तारखात्यात असताना सुमारे सात वर्षे तो इराणच्या आखाताच्या किनाऱ्यावर होता. १८७६-७७ मध्ये त्याने बलुचिस्तानच्या अंतर्भागाचे समन्वेषण केले. १८७८ पासून अखेरपर्यंत तो ईजिप्तच्या तारखात्याचा महानिरीक्षक होता.

फ्लॉयर हा खेदिव्हच्या सेवेतील मुलकी अधिकारी. तथापि लष्करास केलेल्या साहाय्याबद्दल त्याला ‘ईजिप्त १८८२’ हे ब्रिटिश पदक, त्यावरील ‘नाईल १८८४-८५’ ही पट्टी आणि खेदिव्हचा ब्राँझचा तारा मिळाला. तारायंत्रावाचून दूरवरच्या मोहिमा चालविणे दुरापास्त झाले होते, हे यावरून स्पष्ट होते.

ब्रिटिश पदक चांदीचे असून त्याच्या एका बाजूस व्हिक्टोरिया राणीचे मुख व दुसऱ्या बाजूस स्फिंक्स आहे. फितीवर तीन निळे व दोन पांढरे पट्टे असतात. अराबी पाशाच्या उठावाविरुद्धच्या मोहिमेसाठी ते प्रथम देण्यात आले. ११ जुलै १८८२ रोजी अलेक्झांड्रियावर तोफांचा भडिमार झाला आणि १३ सप्टेंबरला तेल-एल-केबीर येथे अराबीचा पराभव झाला. हिंदुस्थानातून गेलेल्या पलटणींनाही हेच पदक मिळाले. पुढील मोहिमांसाठी पहिल्या पदकधारकांना नवे पदक न देता केवळ पट्टी देत. नाईलची पट्टी खार्टूममध्ये वेढल्या गेलेल्या जनरल गॉर्डनच्या सुटकेसाठी निघालेल्या मोहिमेची होय. २६ जानेवारी १८८५ रोजी खार्टूम पडले व गॉर्डन मारला गेला. म्हणजे ही पट्टी विजयाची नसून अस्वानच्या दक्षिणेकडील सेवेची खूण आहे. फ्लॉयरने १८८४ मध्ये त्याच प्रदेशात वादी हल्फापासून डेब्बापर्यंत प्रवास केला होता.

खेदिव्ह तौफीक पाशाने दिलेला तारा पाच टोकांचा असून त्यावर स्फिंक्स व पिरॅमिड कोरलेले आहेत; त्याची फीत गडद निळी असते. आपले आसन राखणाऱ्या परकीय सैन्याविषयीची ती कृतज्ञता होती. ब्रिटिश पदकाच्या कडेवर धारकाचे नाव कोरीत; ताऱ्यावर ते नसे. एकाच सेवेबद्दल धनी आणि त्याच्या देशाचा ताबा घेणारी सत्ता या दोघांनीही फ्लॉयरला गौरविले. १८८२ नंतरच्या ईजिप्तमधील दुहेरी राज्यकारभाराचे ते प्रतिबिंबच म्हणावे लागेल.

पुढे १८९१ च्या मोहिमेत त्याने सिकैत व झबारा येथील ओस पडलेल्या पाचूच्या प्राचीन खाणींचा पुन्हा शोध लावला. तारांच्या खांबांसाठी वाळवंटात सुरूची लागवडही त्याने यशस्वी केली. कैरो येथे तो मरण पावला.