भयगंड
एखादी वस्तू, प्राणी वा परिस्थिती यांविषयी वाटणारी, प्रत्यक्ष धोक्याच्या मानाने अतिरिक्त आणि तशी ती आहे हे बहुधा कळत असूनही आवरता न येणारी दीर्घकालीन भीती. ‘फोबिया’ ही तिची पाश्चात्त्य संज्ञा भयवाचक ग्रीक ‘फोबोस’ या शब्दावरून आली. भीती ही स्वतः विकृती नव्हे. वर्धा जिल्ह्यातील कपाशीच्या शेतात राबणाऱ्यास नाग, मण्यार वा घोणस यांचे भय वाटणे शहाणपणाचेच होय. परंतु सापाच्या नुसत्या चित्राने ज्याचा थरकाप होतो व त्यापायी जो शेताची वाटच सोडतो, त्याला भयगंड जडला असण्याचा संभव असतो.

सिग्मंड फ्रॉइड यांनी १९०९ मध्ये घोड्यांना भिणाऱ्या हान्स या पाच वर्षांच्या मुलाचे विवेचन केले. वडिलांविषयीचे अबोध भय घोड्यावर स्थानांतरित झाले, असे त्यांचे प्रतिपादन होते. तथापि, गाडी ओढणारा घोडा कोसळताना हान्सने पाहिला होता, एवढे कारणही पुरेसे ठरते.

वर्तनवाद्यांनी हीच दिशा धरली. जॉन वॉटसन व रोझाली रेनर यांनी १९२० मध्ये अल्बर्ट या सुमारे अकरा महिन्यांच्या बालकासमोर पांढरा उंदीर ठेवून त्याच वेळी लोखंडी कांबीवर हातोडा आपटला. काही आवृत्त्यांनंतर बालक नुसत्या उंदरालाही भिऊ लागले, पुढे सशालाही. (आजच्या नीतिनियमांत असा प्रयोग बसणार नाही.) अशा अभिसंधानाने जडलेले भय टिकते का, याचे उत्तर ओ. एच. मौरर यांनी १९४७ मध्ये दिले : भयविषय टाळताच हायसे वाटते, त्यामुळे टाळण्याची सवय दृढ होते आणि भय निराधार असल्याचा अनुभव येतच नाही.

मात्र कोणतीही वस्तू सारखीच भयविषय होत नाही. विजेच्या जोडण्या वा वाहने घातक असूनही भयगंड अधिक आढळतो तो साप, कोळी, उंची, अंधार यांचा. उत्क्रांतीच्या ओघात मनुष्य काही भये चटकन शिकण्यास सिद्ध झाला असावा, असे मार्टिन सेलिगमन यांनी १९७१ मध्ये सुचविले. सुझन मिनेका व सहकाऱ्यांच्या प्रयोगांत प्रयोगशाळेत वाढलेली माकडे, सापाला घाबरणारे दुसरे माकड पाहून सापाला भिऊ लागली. फुलांना घाबरणारे माकड चित्रफितीत दाखविले असता मात्र फुलांना भ्याली नाहीत.

प्रत्यक्ष आघात, दुसऱ्याचे भय पाहणे आणि ऐकीव माहिती असे भय जडण्याचे तीन मार्ग स्टॅन्ली रॅकमन यांनी १९७७ मध्ये सांगितले. महात्मा गांधींनी आत्मकथेत आपल्या लहानपणच्या भुते, चोर व साप यांच्या भयाचे वर्णन केले आहे. दिव्यावाचून त्यांना झोप येत नसे. त्यास भयगंड म्हणावे की नाही हे सांगणे कठीण. पण त्याच घरात कस्तुरबांना यांपैकी सापांचे वा भुतांचे भय नव्हते, ही नोंद मोलाची आहे. बाह्य परिस्थिती सारखी असूनही प्रकृतिभेद उरतोच.

गांधी १९३६ मध्ये वर्ध्याजवळील शेगाव (नंतरचे सेवाग्राम) येथे राहण्यास आले. तेथील आश्रमात साप मारीत नसत. लाकडी चिमट्याने धरून पिंजऱ्यात घालीत व दूर नेऊन सोडीत. ही साधने आश्रमात जतन केलेली आहेत. हा अहिंसेचा नियम होता, उपचार नव्हे. तरी भयविषय न टाळता ठराविक रीतीने हाताळण्याची ही वहिवाट मौरर यांच्या उपपत्तीच्या दृष्टीने लक्षणीय आहे. उपचारातही हेच तत्त्व असते. मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये सशाला भिणाऱ्या पीटर या मुलाच्या खाण्याच्या वेळी ससा थोडाथोडा जवळ आणून त्याचे भय घालविले, आणि जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये अशा क्रमिक परिचयास शिथिलीकरणाची जोड दिली.