झोळीतली दुसरी तार

गाण्याच्या मैफलीला गेलेला रसिक काय काय पाहतो? गवयाचा चेहरा पाहतो, तबलजीची बोटे पाहतो, फार तर मागे तंबोरा छेडीत बसलेल्या शिष्याची मान किती डुलते आहे ते पाहतो. पण त्या शिष्याच्या पाठीशी, गादीच्या कडेला एक कापडी झोळी पडलेली असते, तिच्याकडे कुणाचेच लक्ष जात नाही. तारांची दोनचार वेटोळी, मण्यांची पुडी, जव्हारीसाठी दोऱ्याचे रीळ, एक लहानशी पकड आणि निसटत्या खुंटीला लावण्यासाठी खडूचा तुकडा, एवढाच तिच्यातला ऐवज. शेजारी तबलजीची हातोडी, पावडरचा डबा आणि गवसणीत गुंडाळलेला एक दुसरा तबला. मैफल निर्विघ्न पार पडली तर हे सामान जसे आले तसेच परत जाते. आणि ते तसेच परत जावे, हीच ते आणणाऱ्याची इच्छा असते!

मग ते आणायचे तरी कशाला? कारण साधे आहे. चित्रकाराचा कुंचला मोडला तर तो उद्या नवा आणू शकतो, लेखकाच्या पेनातली शाई संपली तर वाचकाला त्याचा पत्ताही लागत नाही. मैफलीला मात्र उद्या नसतो. पाऊण तास आलापीची एकेक पायरी चढत गवई तार षड्जाच्या उंबरठ्याशी यावा, सभा श्वास रोखून बसावी आणि त्याच क्षणी ‘खट्’ असा आवाज व्हावा! पुढे दहा मिनिटांनी सारे काही जागच्या जागी बसते, पण तो उंबरठा पुन्हा सापडेलच असे नाही. झोळीतले सामान मोडलेल्या वाद्यासाठी असते असे आपण समजतो. वास्तविक ते त्या उंबरठ्यासाठी असते.

तार केव्हा तुटते?

‘तार नेमकी रंगात आल्यावरच तुटते’ अशी वादकांची तक्रार असते. ती खोटी नाही, पण त्यात नशिबाचा भाग थोडा आणि तारेच्या झिजेचा भाग मोठा. तार घोडीवर सतत घासत असते, खुंटीवर ती पिळून वळवलेली असते. बोटांच्या घामाने तिला गंज चढतो, कोकणपट्टीत खाऱ्या हवेने तो आणखी लवकर चढतो. अशी आतून कमजोर झालेली तार साध्या वाजवण्याला तग धरते. पण सतारियाने बाजाची तार पडद्यावर आडवी ओढून तिच्यातून एकापाठोपाठ एक स्वर काढायला सुरुवात केली की ताण वाढतो, आणि मींड भर रंगात असताना ती दगा देते. म्हणजे रंग आणि ताण यांची वेळ एकच असते, एवढाच त्या तक्रारीचा अर्थ.

बरे, झोळीत दुसरी तार आहे म्हणून काम भागले असेही नाही. नवी तार चढवली की ती लगेच स्वरात राहत नाही. ती ताणली जाते, उतरते, पुन्हा लावावी लागते, पुन्हा उतरते. तार ‘बसायला’ वेळ लागतो. म्हणून जाणता वादक शंकास्पद तार मैफलीच्या दिवशी बदलीत नाही, दोनचार दिवस आधीच बदलून तिच्यावर रियाज करतो. सामान जवळ असणे ही एक गोष्ट आणि ते तयार असणे ही दुसरी. मोठमोठ्या कार्यक्रमांची फजिती पहिल्या गोष्टीच्या अभावी होत नाही, दुसरीच्या अभावी होते.

तारांची संख्या वाढली की काळजी वाढते असे म्हणावे, तर सारंगीवाल्याचे उदाहरण उलट आहे. त्याच्या वाद्याला पस्तीसच्या आसपास तरफा असतात. त्यांतली एखादी तुटली तर तो ती बाजूला सारून पुढे वाजवीत राहतो. पण तमाशाच्या फडातल्या तुणतुण्याला तार एकच! ती तुटली की नुसता दांडा आणि डबा हाती राहतो. वारकऱ्यांच्या दिंडीत एखाद्या टाळकऱ्याच्या टाळाची दोरी सुटली तर भजनात खंड पडत नाही, कारण बाकीचे टाळ वाजतच असतात. तिथे समुदाय हाच राखीव साठा. जिथे माणूस एकटा आणि वाद्य एकटे, तिथेच झोळी लागते.

काही माणसे या आपत्तीलाही खेळ करून टाकतात. अमेरिकेतले ख्यातनाम ब्लूज गायक बी. बी. किंग यांची गिटारची तार १९८५ सालच्या ‘फार्म एड’ या जंगी जलशात तुटली. त्यांनी गाणे थांबवले नाही. साथीदार वाजवीत राहिले, किंग गात राहिले आणि गाता गाताच त्यांनी नवी तार चढवली, लावली आणि वाजवायला घेतली. ते चित्रीकरण आजही लोक कौतुकाने पाहतात. पण हेही ध्यानात घ्यावे की गळा मोकळा होता म्हणून हे साधले, आणि चढवायला दुसरी तार होती म्हणून साधले.

तबलजीचे ओझे

सर्वांत अवघड कथा तबलजीची. तार बदलता येते, पुडी बदलता येत नाही. तबल्याच्या पुडीला चीर गेली किंवा शाईचे टवके उडू लागले तर मंचावर काहीही इलाज नाही. पुडी मढवणे हे कारागिराचे काम, त्याला त्याचा वेळ लागतो. म्हणून तबलजीला संपूर्ण दुसरा तबलाच बरोबर बाळगावा लागतो.

एवढ्यावरही सुटका होत नाही. लहान तोंडाचा तबला उंच स्वराला बोलतो, मोठ्या तोंडाचा खालच्या स्वराला. गठ्ठे ठोकून स्वर थोडाफार चढवता-उतरवता येतो, पण फार ओढले तर नाद जातो आणि पुडीही जाते. एका गवयाचा षड्ज काळी एकचा, दुसऱ्याचा काळी दोनचा, नंतर येणाऱ्या गायिकेचा काळी चार किंवा पाचचा. एका संध्याकाळी तिघांची साथ करायची तर तबले तीन, आणि त्यांतला एखादा दगावला तर चौथा! पावसाळ्यात कातडे सर्द होऊन स्वर उतरतो, डिसेंबरात उघड्या मंडपातल्या रात्री पहिला प्रहर आणि शेवटचा प्रहर यांत हवा पालटते आणि स्वरही पालटतो. पखवाजियाची तर आणखी एक तऱ्हा. त्याच्या वाद्याच्या डाव्या तोंडाला कणीक लावावी लागते. ती वाळली की घुमारा गेला. तेव्हा ओली कणीक भांड्यात झाकून जवळ ठेवणे आलेच.

तीन व्हायोलिनांची गोष्ट

आता दूरदेशीची एक हकिकत सांगतो. जुलै १९८६. अमेरिकेतल्या टँगलवूड येथे बोस्टन सिंफनीचा कार्यक्रम चालला होता. लिओनार्ड बर्नस्टाईन स्वतःचीच ‘सेरेनेड’ ही रचना चालवीत होते आणि मुख्य व्हायोलिन होते मिदोरी या चौदा वर्षांच्या जपानी मुलीच्या हाती. शेवटच्या भागात तिची सर्वांत बारीक तार तुटली. ती शांतपणे वाद्यवृंदाच्या प्रमुख व्हायोलिनवादकाकडे वळली, त्याचे व्हायोलिन घेतले आणि पुढे वाजवू लागली. थोड्या वेळात त्याचीही तीच तार तुटली! मग तिने दुसऱ्या क्रमांकाच्या वादकाचे व्हायोलिन घेतले आणि रचना पूर्ण केली. तिचे स्वतःचे वाद्य आकाराने किंचित लहान होते, हाती आलेली दोन्ही मोठी. तरी वादनात खंड पडला नाही. न्यूयॉर्क टाइम्सने ही बातमी पहिल्या पानावर छापली.

मुलीच्या धैर्याला तोड नाही. पण तिच्या धैर्यामागे एक व्यवस्था उभी होती. मुख्य वादकाची तार तुटली तर प्रमुखाने आपले वाद्य पुढे करावे, त्याने मागच्याचे घ्यावे, असा त्या वाद्यवृंदांचा शिरस्ता आहे. आणि हा शिरस्ता चालतो, कारण तिकडे स्वर ठरलेला आहे. १९३९ साली लंडनच्या परिषदेत मध्यसप्तकातल्या ‘ए’ या स्वराला सेकंदाला ४४० कंपने असा मेळ ठरला. थोडा इकडेतिकडे फरक सोडला तर सर्वांची व्हायोलिने त्याच मापाने लावलेली असतात. शेजाऱ्याचे वाद्य म्हणजे आपलेच वाद्य!

आपल्याकडे हे कसे व्हावे? आपला षड्ज ज्याचा त्याचा. गवयाच्या गळ्याला जो मानवेल तो त्याचा ‘सा’. हे आपल्या संगीताचे मोठे स्वातंत्र्य आहे, पण त्याची किंमत झोळीला मोजावी लागते. शेजारच्या खोलीत बसलेल्या दुसऱ्या गवयाचा तंबोरा आपल्या गळ्याला चालेलच असे नाही, तो उतरवून लावला तर त्याची जव्हारी बोलेलच असे नाही. दुसऱ्या तबलजीचा तबला हवा त्या पट्टीचा असेलच असे नाही. पाश्चात्त्य वादक संकटात शेजाऱ्याकडे हात पसरू शकतो. आपल्या कलावंताला आपला शेजारी बरोबर घेऊनच फिरावे लागते.

तंबोऱ्याचा प्रवास

म्हणून तर तंबोरे दोन. जोडीचा तंबोरा नादाच्या भरणीसाठी असतो हे खरेच, पण एकाची तार गेली तरी दुसरा सूर धरून ठेवतो, हा त्याचा आडून होणारा उपकार. मिरजेच्या कारागिरांनी दीडशे वर्षांहून अधिक काळ ही वाद्ये घडवली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे वाळवून, कापून त्यांना नाद दिला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण भोपळा शेवटी भोपळाच. आगगाडीत कुणाची ट्रंक घसरली किंवा विमानाच्या सामानात तो आडवा पडला की तडा ठरलेला. म्हणून भोपळ्याऐवजी चपट्या लाकडी पेटीचे प्रवासी तंबोरे निघाले. ते नादात थोडे उणे, पण मुक्कामाला धड पोचणारे.

मग १९७० च्या दशकाच्या अखेरीस बंगळूरला विजेवर चालणारा तंबोरा तयार झाला. जाणकारांनी नाके मुरडली. आज तोच सूर खिशातल्या फोनमधूनही निघतो. खऱ्या तंबोऱ्याची सर त्याला येत नाही, हे तो वापरणारेही मान्य करतात. पण एक गोष्ट त्याने साधली. कळ फिरवताच तो कुणाच्याही षड्जाला लागतो. ज्याला त्याला आपला वाटणारा असा राखीव सूर आपल्या संगीताला प्रथमच मिळाला. फक्त त्याची बॅटरी भरलेली हवी!

स्वस्त वस्तूंचा महिमा

वीज आली आणि झोळी फुगली. पूर्वी तमाशाच्या फडावर गॅसबत्तीची जादा मँटल्स जपून ठेवीत. आता मायक्रोफोन, वायरी, बॅटऱ्या जपाव्या लागतात. ध्वनियोजना करणाऱ्यांत एक हिशेब रूढ आहे: दोन म्हणजे एक, आणि एक म्हणजे शून्य. गंमत अशी की महागडे यंत्र सहसा दगा देत नाही. दगा देते ती वायर, जी शंभर वेळा गुंडाळली आणि पायाखाली आली. दगा देते ती बॅटरी, जी ‘कालच घातली होती’. जे हलते, वाकते, झिजते आणि संपते ते आधी जाते, आणि नेमके तेच स्वस्त असते. तरीही आणायचे राहते तेही तेच.

काही वाद्ये मात्र बरोबर नेताच येत नाहीत. २४ जानेवारी १९७५ रोजी जर्मनीतल्या कोलोन शहरी कीथ जॅरेट या पियानोवादकापुढे मागितलेल्या भव्य पियानोऐवजी एक लहान आणि नादुरुस्त पियानो उभा राहिला. वरचे स्वर पातळ, पायपट्ट्या बिघडलेल्या. दुसरा पियानो मिळाला नाही. जॅरेट मधल्या सप्तकांत राहून तासाभराहून अधिक वेळ वाजवीत राहिला, आणि त्या रात्रीचे ध्वनिमुद्रण एकल पियानोच्या सर्वाधिक खपलेल्या मुद्रणांत जमा झाले. ही कथा सांगून लोक म्हणतात, ‘पाहा, अडचणीतूनच कला फुलते!’ म्हणावे बापडे. पण बिघडलेल्या वाद्यांवर बिघडलेल्या ज्या असंख्य मैफली झाल्या, त्यांच्या ध्वनिमुद्रिका कुणी काढल्या नाहीत.

हे ओझे कुणाचे?

शेवटी प्रश्न उरतो तो हमालीचा. जादा तबला विकत घेतो तबलजी, मढवून आणतो तबलजी, जिन्यावरून वाहून नेतो तबलजी, रिक्षाचे दुप्पट पैसे देतो तोही तबलजीच. मुख्य कलावंताचे नाव मोठ्या अक्षरांत छापले जाते. त्याच्या आडचा खर्च मात्र साथीदाराच्या लहानशा बिदागीतून जातो. होतकरू मुलगा मग एकाच तबल्यावर निभावून नेऊ पाहतो, आणि एखाद्या रात्री ते निभत नाही. बोल त्यालाच लागतो.

गावोगावच्या संगीत मंडळांनी मनावर घेतले तर हे ओझे सहज हलके होईल. सभागृहात मंडळाच्या मालकीचे दोन वेगवेगळ्या पट्ट्यांचे तबले, तंबोऱ्याच्या तारांचा एक संच, दोन जादा मायक्रोफोन, चार वायरी आणि एक भरलेली बॅटरी असावी. कपाटाची किल्ली कुणाकडे आहे हे दोघांना ठाऊक असावे, आणि दर महिन्याला कुणीतरी ते तबले वाजवून, तारा तपासून पाहावे. हारतुऱ्यांवर आणि शालींवर होणाऱ्या खर्चाच्या एका लहान वाट्यात हे सारे बसते. शाल तर कलावंताच्या घरी पहिल्या वीस असतातच. ऐन रंगात तबला फुटला तर त्या वेळी तिचा काही उपयोग नाही.