‘गॅस झालाय’ म्हणताना गेलेले सहा तास

तीन वर्षांपूर्वीच्या पौषातली गोष्ट. पहाटे चारच्या सुमारास आमच्या थोरल्या चुलत्यांना, आप्पांना, बेंबीच्या वर आणि छातीच्या खाली जड वाटू लागले. घर बीबीत, लोणार तालुक्यात. तुरीची सोंगणी चालू होती आणि रात्री जेवण तिखट झाले होते. काकूंनी ओवा-मीठ दिले आणि मला हाक मारली. मी गेलो तेव्हा आप्पा ओट्यावर बसले होते. बाहेर थंडी होती, पण त्यांची बनियन घामाने चिंब भिजली होती. तो घाम डोळ्यांनी पाहूनही मीच म्हणालो, “आप्पा, गॅस धरलाय. जरा चाला. ढेकर आली की बरं वाटंल.”

आप्पांनाही तेच ऐकायचे होते. ते म्हणाले, “हार्टचं काही असूच शकत नाही. तीन महिने काढा घेतलाय. नसा साफ झाल्या माह्या.” तो काढा त्यांनी मोबाइलवरची जाहिरात पाहून मागवला होता. काढा सुरू झाल्यावर बीपीची गोळी बंद केली होती, हे आम्हाला नंतर कळले. सकाळी दहाला गाडी निघाली, पहिल्या दवाखान्यात ईसीजी निघाला आणि तिथून पुढे पाठवण्यात आले. संध्याकाळी मोठ्या शहरातल्या इस्पितळात आप्पा गेले.

मी डॉक्टर नाही. बारावीनंतर शिक्षण सुटले. वाचनालयातल्या जुन्या फायली चाळून मराठी जाहिराती जमवायचा छंद मात्र पंचवीस-तीस वर्षे जपला. आप्पांच्या तेराव्यानंतर त्या काढ्याचा रिकामा डबा मी माझ्या संग्रहात ठेवला, आणि तेव्हापासून या विषयाकडे छंद म्हणून पाहणे मला जमलेले नाही. फसवी जाहिरात पैसे लुबाडते, हे आपण सगळेच जाणतो. तिचे खरे नुकसान वेगळे आहे: ती आजाऱ्याचा वेळ खाते. ते कसे, एवढेच या लेखात मांडायचे आहे.

प्रकाश, आवाज किंवा धूर

औषधांच्या जाहिराती मराठी छापील मजकुराइतक्याच जुन्या. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि ही परंपरा सुरू झाली. दिवाळी अंक तेव्हापासून जाहिरातींच्या आधारावर उभे आहेत, तेव्हा त्यांना सरसकट नावे ठेवण्याचा अधिकार इथे कोणालाच नाही. पण शक्तिवर्धक गोळ्या, सर्वरोगनाशक अर्क आणि ‘गुण न आल्यास पैसे परत’ यांचा सुळसुळाट इतका होता की, १९३० मध्ये सरकारने नेमलेल्या रामनाथ चोप्रा यांच्या औषध चौकशी समितीलाही अशा तयार औषधांची दखल घ्यावी लागली.

स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये ‘औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम’ आला. त्याच्या परिशिष्टात आजारांची यादी आहे. त्या आजारांवर इलाज असल्याची जाहिरात करणे हाच गुन्हा. यादीत हृदयविकार आहे, रक्तदाब आहे, मधुमेहही आहे. जाहिरातीची व्याख्या वाचताना मला नेहमी त्या कायदा लिहिणाऱ्यांचे कौतुक वाटते. छापील कागद, वेष्टन, तोंडी घोषणा, आणि प्रकाश, आवाज किंवा धूर यांच्या साहाय्याने केलेले कोणतेही निवेदन, असे सगळे त्यात येते. आकाशात विमानाने धुराची अक्षरे काढण्याचा तो काळ होता. मोबाइलचा पडदा म्हणजे शेवटी प्रकाश आणि आवाजच.

हा कायदा म्हणजे बोलण्याच्या स्वातंत्र्यावर घाला आहे, असे म्हणत औषध कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ‘हमदर्द दवाखाना’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्यात डिसेंबर १९५९ मध्ये न्यायालयाने कायद्यातली काही कलमे रद्द केली. पण निषिद्ध औषधाचा धंदा वाढवणारी जाहिरात म्हणजे विचारस्वातंत्र्य नव्हे, हेही स्पष्ट सांगितले. तरी पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त सहा महिने कैद किंवा दंड, एवढ्या शिक्षेला कोण भितो? २०२२ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनला पुन्हा सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. पतंजली आयुर्वेदने न्यायालयात हमी देऊनही जाहिराती थांबल्या नाहीत, म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये अवमानाची नोटीस निघाली. वृत्तपत्रांत जाहीर माफी छापली गेली, आणि ऑगस्टमध्ये ती स्वीकारून अवमानाचे प्रकरण मिटवण्यात आले. त्या कंपनीला निदान पत्ता होता. आप्पांच्या डब्यावरच्या नंबराला मी फोन लावला, तर तो नंबर अस्तित्वातच नव्हता.

जाहिरातीची बांधणी

गेल्या तीन वर्षांत अशा जाहिराती मी वहीत उतरवून घेतो आहे. त्यांची बांधणी जवळपास एकसारखी असते. आधी भीती: ‘झटक्याच्या महिनाभर आधी शरीर हे सहा इशारे देते’. मग ओळखीचा चेहरा. बेंगळुरूचे हृदयशल्यचिकित्सक देवी शेट्टी यांचे नाव आणि व्हिडिओ असेच वापरले गेले, आणि २०२४ मध्ये त्यांना दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. नरेश त्रेहान यांचा तर संगणकाने बनवलेला खोटा व्हिडिओ फिरत होता. तो हटवण्याचा आदेश त्याच न्यायालयाने २०२५ च्या जानेवारीत दिला. तेव्हा पडद्यावर डॉक्टर स्वतः बोलताना दिसले, हा आता पुरावा राहिलेला नाही.

त्यानंतर येतो जुना ग्रंथ. ‘तीन हजार वर्षांपूर्वी वाग्भट ऋषींनी सांगितले की रक्तात आम्लता वाढली की ब्लॉकेज होते, दुधी भोपळ्याचा रस प्या.’ हा मजकूर आपल्यापैकी प्रत्येकाला आला असेल. अष्टांगहृदयकर्ते वाग्भट साधारण सहाव्या-सातव्या शतकातले. आम्लता मोजणारी पीएच ही पट्टी सोरेनसेन या डॅनिश शास्त्रज्ञाने १९०९ मध्ये मांडली. माणसाच्या रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ या अरुंद मर्यादेत असतो, आणि तो सांभाळायचे काम फुप्फुसे व मूत्रपिंडे करतात. रस पिऊन तो बदलत नाही. उलट दुधी कडू असेल तर त्यातले विषारी द्रव्य जिवावर बेतू शकते. २०१० मध्ये दिल्लीत असा मृत्यू झाल्यावर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेला तज्ज्ञांची समिती नेमावी लागली. चव घेऊन पाहा आणि कडू लागला तर रस अजिबात पिऊ नका, असा सल्ला तेव्हापासून दिला जातो.

पण सगळ्यात मोठी चलाखी एका मराठी शब्दात आहे. तो शब्द म्हणजे ‘नस’. आपण शिरेला नस म्हणतो, धमनीला नस म्हणतो, मज्जातंतूलाही नसच म्हणतो. पाय लचकला तरी नस आणि हृदयाचे दुखणे असले तरी नसच. जाहिरात म्हणते, ‘नसांमधला कचरा साफ करा’, आणि आपल्या डोळ्यांसमोर मोरीचा तुंबलेला पाइप येतो. खरी गोष्ट निराळी आहे. चरबीचा थर धमनीच्या पोकळीत गाळासारखा साचत नाही, तो भिंतीच्या आत वाढतो. एके दिवशी त्या थरावरचा पापुद्रा फाटतो, तिथे रक्ताची गुठळी होते आणि तासाभरापूर्वी वाहती असलेली धमनी बंद पडते. म्हणून आदल्या दिवशी शेतात राबलेल्या माणसालाही झटका येतो. ‘माझ्या नसा साफ आहेत’ हा दिलासा म्हणूनच सर्वांत घातक. त्या पहाटे आप्पा याच दिलाशावर विसंबून बसून राहिले.

खोकल्याची गोष्ट

सगळेच खोटे हवेतून येत नाही. काही खऱ्या गोष्टीचे पाय मोडून तयार होते. ‘एकटे असताना झटका आला तर जोरजोराने खोका’ हा संदेश घ्या. १९७६ मध्ये क्रायली या अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक निरीक्षण छापले. हृदयात नळी घालून तपासणी चालू असताना ठोका अचानक बिघडलेल्या काही रुग्णांना लगेच खोकायला लावले, तर ते थोडा वेळ शुद्धीत राहिले. हे घडले तपासणीच्या टेबलावर, डोळ्यांसमोर ठोक्याची रेघ चालू असताना आणि शॉक देण्याचे यंत्र हाताशी असताना. १९९९ च्या सुमारास तोच धागा ई-मेलमधून जगभर फिरला आणि पुढे आपल्या मोबाइलमध्ये आला. वाटेत डॉक्टर, टेबल आणि यंत्र गळून पडले, फक्त खोकला उरला. झटका आलेल्या माणसाची बंद धमनी खोकल्याने उघडत नाही. खोकण्यात गेलेली मिनिटे मात्र फोन करण्यातून वजा होतात.

दुखणे मराठीत कसे बोलते

सिनेमात झटका आलेला माणूस छातीवर हात दाबून कोसळतो. त्यामुळे आपण ‘दुखतंय का?’ असे विचारतो आणि रुग्ण प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो. कारण पुष्कळांना ते दुखणे वाटतच नाही. लोक म्हणतात: छाती भरून आली. कोणी दगड ठेवल्यावानी वाटतंय. आवळल्यासारखं होतंय. जीव घाबरा झाला. हे दडपण काही मिनिटे टिकते, किंवा जाते आणि पुन्हा येते. ते डाव्या हातात उतरते, कधी दोन्ही हातांत, पाठीत, मानेत, जबड्यात. एखादा दाढ दुखते म्हणून दाताच्या डॉक्टरकडे जातो. हृदयाच्या खालच्या बाजूला मार बसला तर पोटाच्या वरच्या भागात जडपणा, मळमळ, उलटी होते आणि आपण त्याला पित्त म्हणून मोकळे होतो. हृदय आणि अन्ननलिका यांच्या वेदना मेंदूकडे जवळजवळच्या वाटांनी जातात, त्यामुळे ही गफलत स्वाभाविक आहे. ढेकर आल्याने बरे वाटले म्हणजे गॅसच होता, असेही नाही.

बायकांमध्ये, मधुमेह असलेल्यांमध्ये आणि वयस्करांमध्ये छातीचे लक्षण नसतानाही झटका येऊ शकतो. नुसता दम लागतो, दरदरून घाम येतो, अंगातले बळ एकाएकी गेल्यासारखे वाटते. घरातली बाई ‘आज काही सुचेना झालंय’ म्हणत भिंतीला टेकून बसते आणि आपण तिला चहा करून देतो. जिथे काम न करता, गरमी नसताना थंड घाम फुटतो आणि सोबत छाती, पोट, जबडा, हात यांपैकी कुठेही न पटणारे काही होते, तिथे आधी हृदयाचा संशय घ्यायचा आणि गॅसचा विचार ईसीजी निघाल्यावर करायचा. क्रम एवढाच बदलायचा आहे. पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी त्रास चालू असेल तर डॉक्टर तो पुन्हा काढतात, रक्ततपासणी करतात. म्हणून एका कागदावर समाधान मानून घरी परतू नये.

सहा तास

बेंगळुरूच्या सेंट जॉन्स संस्थेच्या डेनिस झेव्हियर यांनी आणि देशभरच्या डॉक्टरांनी मिळून ५० शहरांतल्या ८९ केंद्रांमधल्या २०,९३७ हृदयरुग्णांची नोंद केली. ती २००८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. त्रास सुरू झाल्यापासून दवाखान्यात पोचेपर्यंतचा मध्यक वेळ निघाला ३६० मिनिटे. दवाखान्यात शिरल्यापासून गुठळी विरघळवणारे औषध मिळेपर्यंत ५० मिनिटे. म्हणजे वेळ दवाखान्यात जातो त्याहून कितीतरी जास्त घरात जातो. तो आकडा वाचला तेव्हा मी वही मिटून बसलो. पहाटे चार ते सकाळी दहा. आमचेही ३६०.

लवकर पोचून मिळते काय, तेही पाहू. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आयसिस-२’ या चाचणीत १७,१८७ रुग्ण होते. ज्यांना गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज आणि साधी अॅस्पिरिन ही दोन्ही मिळाली, त्यांच्यात पाच आठवड्यांत शंभरातले सुमारे ८ दगावले. ज्यांना दोन्ही मिळाली नाहीत, त्यांच्यात सुमारे १३. अशी औषधे पहिल्या तासात सर्वांत जास्त उपयोगी पडतात आणि बारा तासांनंतर त्यांचा फायदा फारसा उरत नाही. त्यासाठी एकदम मोठ्या शहरातच पोचायला हवे असेही नाही. तामिळनाडूत छोटी इस्पितळे मोठ्या इस्पितळांना जोडून पाहिली, तेव्हा २,४२० रुग्णांच्या त्या अभ्यासात वर्षभरातले मृत्यू १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आले. गोव्यातही गोमेकॉशी आरोग्य केंद्रे जोडून असेच काम उभे राहिले आहे.

आपल्याकडे १०८ ची सेवा २०१४ पासून आहे. संशय आला की आधी तो फोन. रुग्णाला चालवायचे नाही, जिना चढू द्यायचा नाही, मोटरसायकलवर मध्ये बसवून न्यायचे नाही. त्याला टेकून बसवायचे. फोनवरच्या डॉक्टरांनी सांगितले, आणि अॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर सुमारे ३०० मिलिग्रॅम अॅस्पिरिन गिळायची नाही, चावायची. जिभेखालची गोळी मात्र संदेश वाचून कोणाला देऊ नये. रक्तदाब आधीच उतरला असेल तर ती आणखी खाली नेते. माणूस कोसळला, हाकेला ओ देईना आणि श्वास नीट चालेना, तर ते हृदय थांबण्याचे लक्षण. मग छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी, पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहायचे, मदत येईपर्यंत. आणि कोणताही काढा, रस, चूर्ण सुरू केले म्हणून बीपीची, साखरेची गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही.

आमच्या घरात आता दाराच्या मागे एक कागद चिकटवला आहे. त्यावर १०८, जवळच्या ज्या दवाखान्यात रात्री ईसीजी निघतो त्याचा नंबर, गाडी असलेल्या दोन शेजाऱ्यांचे नंबर आणि घरातल्या प्रत्येकाच्या चालू गोळ्यांची नावे आहेत. तो काकूंनीच लिहायला लावला. गेल्या श्रावणात शेजारच्या दादांना जेवणानंतर घाम फुटला, तेव्हा मी पुन्हा ‘गॅस असेल’ म्हणणार होतो. काकू ओट्यावरून ओरडल्या, “गॅस हाय का नाही ते डाक्तर सांगंल. तू फोन लाव.” ईसीजी नॉर्मल आला, दुसराही नॉर्मल आला, ते पित्तच होते. गाडीभाड्याचे आणि तपासणीचे पैसे गेले. परतताना दादा ओशाळले होते. काकूंनी त्यांना गरम भाकर वाढली आणि म्हणाल्या, “लाजता कशाले? जेवा.”