रागाला वाट करून देण्याबद्दल

राग म्हणजे कुकरमधली वाफ, वेळीच शिट्टी झाली नाही तर झाकण उडणार, ही समजूत इतकी रुळली आहे की चिडलेल्या माणसाला ‘एकदा बोलून टाक, मोकळं वाटेल’ हाच सल्ला मिळतो. उशीवर ठोसे मारा, आरडाओरडा करा, ही त्याचीच आधुनिक रूपं. प्राणीवर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांनी १९६३ च्या पुस्तकात या कल्पनेला शास्त्राचा पेहराव चढवला: आक्रमक ऊर्जा आत आपोआप साठत जाते आणि निचरा मागते. अमेरिकन सामाजिक मानसशास्त्रज्ञ लिओनार्ड बर्कोविट्झ (१९२६–२०१६) यांना हे पटलं नाही. १९५५ पासून विस्कॉन्सिन विद्यापीठात त्यांनी जे संशोधन केलं, त्यातून पुढे येणारं चित्र वेगळं आहे. आक्रमकता साठत नाही. ती त्या त्या वेळच्या त्रासातून आणि आसपासच्या खुणांमधून घडते.

येल विद्यापीठातल्या संशोधकांनी १९३९ मध्ये मांडलं होतं की आक्रमकतेमागे नेहमी वैफल्य असतं. बर्कोविट्झ याच सिद्धांताचे पुरस्कर्ते म्हणून ओळखले जातात, पण ही ओळख अर्धवट आहे. त्यांनी तो मोडून पुन्हा बांधला. १९८९ च्या लेखात ते म्हणतात की वैफल्य आक्रमकतेकडे नेतं ते त्याच्या क्लेशदायकतेमुळे, आणि क्लेश इतर कशानेही होऊ शकतो. त्यांच्या प्रयोगांत बर्फगार पाण्यात हात बुडवून बसलेल्यांनी समोरच्याला जास्त दुखावलं. कोणी त्यांच्या वाटेत आडवं आलं नव्हतं. हात तेवढा दुखत होता. उकाडा आणि दुखणी माणसाला खेकसायला का लावतात, हे यातून कळतं.

खुणांचं महत्त्व दाखवणारा त्यांचा सर्वांत गाजलेला प्रयोग १९६७ चा, अँथनी लपाज यांच्यासोबतचा. १०० विद्यार्थ्यांपैकी काहींना जोडीदाराकडून विजेचा एकच सौम्य झटका मिळाला, काहींना सात. मग परतफेडीची पाळी. काहींच्या टेबलावर बंदूक आणि रिव्हॉल्व्हर होतं, काहींच्या बॅडमिंटनच्या रॅकेट. डिवचल्या गेलेल्यांनी बंदुकीशेजारी बसून सर्वांत जास्त झटके दिले. प्रयोगशाळेतला झटका म्हणजे रस्त्यावरची हिंसा नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. विद्यार्थ्यांनी प्रयोगाचा हेतू ओळखून तसं वागून दाखवलं असेल, अशीही शंका घेतली गेली, आणि काही पुनर्प्रयोगांत परिणाम दिसलाच नाही. २०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा शस्त्र दिसल्याने वैरभावी विचार वाढतात याला चांगला आधार मिळाला. प्रत्यक्ष कृतीबाबतचा पुरावा कमजोर निघाला. म्हणजे ‘बंदूक दिसली की माणूस गोळी झाडतो’ असा अर्थ काढणं चूक, आणि बंदूक ही निव्वळ निर्जीव वस्तू आहे म्हणून तिचा विचारच नको, हेही तितकंच चूक.

आता पुन्हा कुकरकडे. ओरडल्यावर खरंच बरं वाटतं, मग सल्ला चुकला कुठे? बरं वाटतं म्हणूनच. ज्या वागण्याचं असं बक्षीस मिळतं ते पुढच्या खेपेस अधिक सहज घडतं. बर्कोविट्झ यांनी १९७३ मध्ये रागाला मोकळी वाट देण्याच्या फॅशनविरुद्ध लिहिलं. २००२ मध्ये मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी ६०० विद्यार्थ्यांवर याची कसोटी घेतली. चिडवणाऱ्याचा चेहरा आठवत पंचिंग बॅगवर ठोसे मारणारे अधिक संतापले. काहीही न करता दोन मिनिटं बसलेले सर्वांत कमी आक्रमक ठरले.

उरतो एक नैतिक आक्षेप: सगळं परिस्थितीवर ढकललं तर मारणारा सुटतो. बर्कोविट्झ यांच्या मांडणीत तो सुटत नाही. क्लेशातून उसळणारी पहिली लाट आपोआप येते, तिच्यात हल्ल्याची ऊर्मी असते तशी पळून जाण्याचीही. त्यानंतर विचाराला अवसर असतो. शारीरिक अस्वस्थतेत असलेल्यांचं लक्ष स्वतःच्या भावनेकडे वळवल्यावर इतरांबद्दलची त्यांची मतं तितकी कडवट राहत नाहीत, हेही त्यांच्याच प्रयोगांत दिसलं होतं.